यादी पाठ आहे, मग ‘पुट ऑफ इट’ का चुकलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात डिस्पॅचला काम, परदेशी ग्राहकांशी रोज मेल आणि फोन, तीनशे फ्रेझल व्हर्ब (पुट ऑफ, कॉल ऑफ अशी दोन-तीन तुकड्यांची क्रियापदं) अर्थासकट पाठ. तरी ‘वी विल पुट ऑफ इट टिल मंडे’ या वाक्यावर साहेबांनी लाल रेघ मारली. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, मग चुकलं काय?

चुकली ती ‘इट’ची जागा. ‘वी विल पुट इट ऑफ टिल मंडे’ हवं होतं. यादीतून अर्थ कळतो, कर्म कुठे बसवायचं ते कळत नाही.

पुट ऑफ, कॉल ऑफ, टर्न ऑन, फिल इन, पिक अप ही क्रियापदं फुटतात, म्हणजे कर्म मध्ये घेतात. कर्म नाम असेल तर दोन्हीकडे चालतं: ‘दे पुट ऑफ द ऑक्शन’ किंवा ‘दे पुट द ऑक्शन ऑफ’. सर्वनाम असेल (इट, देम, हिम, हर, मी, यू, अस) तर मात्र ते मध्येच येतं, पर्याय नाही. कारण बोलताना ऐकू येतं. अशा वाक्यात जोर ऑफ, अप, आउट या शेवटच्या तुकड्यावर असतो आणि ‘इट’ नुसतं ओझरतं येतं. ते ओझरतं ‘इट’ शेवटी टाकलं की वाक्य लुळं पडतं. उलट, कर्म लांबलचक असेल तर मध्ये कोंबू नका. ‘पुट द डिलिव्हरी ऑव्ह द सेकंड लॉट ऑव्ह व्हॉल्व्ह्ज ऑफ’ असं लिहिलं तर ‘ऑफ’ येईपर्यंत वाचणारा ‘पुट’ विसरलेला असतो.

दुसरा गट फुटत नाही: लुक आफ्टर, लुक इंटू, कम अक्रॉस, रन इंटू, गेट ओव्हर. इथे सर्वनामही शेवटीच येतं. ‘वी आर लुकिंग इंटू इट’ बरोबर, ‘लुकिंग इट इंटू’ साफ चूक. तीन तुकड्यांची क्रियापदंही फुटत नाहीत: रन आउट ऑव्ह, पुट अप विथ, कम अप विथ. आणि ब्रेक डाउन (गाडी बंद पडणं), शो अप (उगवणं) यांना कर्मच लागत नाही. ‘द टेम्पो ब्रोक डाउन निअर घोटी’, झालं वाक्य.

कोणतं कुठल्या गटातलं हे पाठ करायचं नाही, शब्दकोशात बघायचं. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी कोशांत ‘पुट समथिंग ऑफ’ असं छापतात, पण ‘लुक आफ्टर समबडी’. समथिंग मध्ये दिसलं की फुटतं, शेवटी दिसलं की फुटत नाही. तुमच्या वहीतही तसंच लिहा; नुसतं ‘पुट ऑफ = पुढे ढकलणे’ हे टिपण अर्धवट आहे.

आता अर्थाकडे. फ्रेझल व्हर्ब हे इंग्रजांचं काहीतरी विचित्र खूळ आहे, असं समजायचं कारण नाही. आपल्याकडे ‘खाल्लं’, ‘खाऊन टाकलं’, ‘खाऊन घेतलं’ यांत फरक आहे की नाही? ‘चूक केली’ आणि ‘चूक करून बसला’ यांतला फरक सातवीतल्या पोराला न शिकवता कळतो. टाकणं, घेणं, बसणं हे शब्द तिथे मूळ अर्थ सोडून काम करतात. इंग्रजीत ते काम अप, ऑफ, आउट, डाउन करतात. ‘अप’ बऱ्याचदा आपल्या ‘टाकणं’सारखं क्रिया पुरी करतं: ईट अप म्हणजे खाऊन टाकणं, यूज अप म्हणजे वापरून संपवणं. ‘ऑफ’ तोडतं किंवा वेगळं करतं: कट ऑफ, ड्रॉप ऑफ. ‘ऑन’ म्हणजे चालू राहणं: कॅरी ऑन, कीप ऑन. हे कामचलाऊ आहे, गणित नाही. स्लो अप आणि स्लो डाउन दोन्हींचा अर्थ वेग कमी करणं. ‘लागणे’ शिकणाऱ्या परक्या माणसाची दया करा: भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, बस लागली.

गोंधळ जास्त होतो तो जोड्यांत. लासलगावचा कांद्याचा लिलाव सोमवारवर गेला तर पुट ऑफ, रद्दच झाला तर कॉल ऑफ. मेलमध्ये ही अदलाबदल महागात पडते. ‘द शिपमेंट इज कॉल्ड ऑफ’ वाचून ग्राहक दुसरीकडे माल शोधायला लागेल. सिटीलिंकच्या बसमधून उतरणं गेट ऑफ, पण रिक्षातून किंवा कारमधून उतरणं गेट आउट ऑव्ह. मराठीत दोन्हीकडे ‘उतर’, म्हणून इथे घसरायला होतं. आत उभं राहून चालता येतं अशा वाहनाला ऑन-ऑफ, वाकून बसावं लागतं त्याला इन-आउट, एवढं लक्षात ठेवलं तर भागतं. फॉर्म भरणं ब्रिटिश इंग्रजीत फिल इन, अमेरिकनमध्ये फिल आउट. फिल अप गाडीच्या टाकीला. आपल्याकडे सर्रास ‘फिल अप द फॉर्म’ म्हणतात, भारतात खपतं, बाहेर जरा खटकतं. ‘पास आउट’चंही तसंच: इथे पदवी घेऊन बाहेर पडणं, तिकडचा माणूस समजेल चक्कर येऊन पडलात.

फोनवरची वाक्यं वेगळी तयार ठेवा. थांबा: ‘होल्ड ऑन’. फोन कट झाला: ‘वी गॉट कट ऑफ’. अकाउंट्सला जोडून देतो: ‘आय विल पुट यू थ्रू टू अकाउंट्स’. परत फोन करतो: ‘आय विल कॉल यू बॅक’, ‘कॉल बॅक यू’ नाही, नियम वरचाच. आवाज तुटतोय: ‘यू आर ब्रेकिंग अप’, घाबरू नका, यात प्रेमभंगाचा संबंध नाही. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर ‘आय ॲम हेल्ड अप ॲट द्वारका’.

लिहिताना दोन ठिकाणी जपा. एक, देवनागरीत आणि उच्चारात आपण ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ बहुतेकदा दोन्ही ‘ऑफ’च करतो, त्यामुळे ‘टर्न ऑफ’मध्ये एकच एफ पडतो. तोडणारा, बंद करणारा तो दोन एफवाला. ‘चा-ची-चे’वाला एक एफचा आणि त्याचा उच्चार ऑव्ह. दोन, क्रियापद दोन शब्दांत, नाम एका शब्दात. ‘प्लीज लॉग इन’ सुटं, ‘युवर लॉगइन’ जोडून. काळ बदलला की पहिलाच तुकडा बदलतो: लॉग्ड इन. ‘लॉगइन्ड’ असा शब्द नाही.

सराव असा करा. आठवड्याला पाच घ्या, तीनशे नकोत. प्रत्येकाची तीन वाक्यं: एक नाम घालून, एक सर्वनाम घालून, एक भूतकाळात नकारार्थी. ‘वी कॉल्ड ऑफ द मीटिंग’, ‘वी कॉल्ड इट ऑफ’, ‘वी डिडन्ट कॉल इट ऑफ’. मोठ्याने म्हणा, जोर ‘ऑफ’वर. सर्वनामाचं वाक्य गाळू नका, तुमची चूक तिथेच होते. आणि कराराच्या किंवा तक्रारीच्या मेलमध्ये उगाच पेरू नका. तिथे ‘पुट ऑफ’पेक्षा ‘पोस्टपोन’ शोभतं. ‘लुक इंटू’ आणि ‘कॅरी आउट’ मात्र औपचारिक मेलमध्येही चालतात.

तुम्ही दिलेली उरलेली दोन वाक्यं. ‘वी कॅनॉट कोप अप विथ धिस डेट’: यातला ‘अप’ काढा, कोपला तो लागतच नाही, कीप अप विथ, कॅच अप विथ यांच्या संगतीने तो चिकटलाय. तरीही तारखेला ‘कोप’ बसत नाही, ‘वी कॅनॉट मीट धिस डेट’ लिहा. दुसरं ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’: हा ‘टू’ क्रियापदाचा नाही, ‘लुक फॉरवर्ड’च्या शेपटाचा आहे, म्हणून पुढे नाम किंवा आयएनजी येतं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ करा आणि मेल पाठवून द्या.