मुलीच्या जपानी सासरी पहिल्यांदा जाताना किमोनो घालावा का? आणि नेमकं किती वाकायचं?

मुलीचं लग्न क्योतोच्या मुलाशी ठरलंय, व्याह्यांनी घरी बोलावलंय आणि त्यांच्याकडे तातामीची, म्हणजे जाड गवती चटयांची, बैठक आहे, असं तुम्ही लिहिलंय. सर्वप्रथम अभिनंदन! किमोनो घालू नका, तुमची साडीच नेसा. आणि किती अंश वाकायचं याची धास्ती घेण्यापेक्षा पाठ सरळ ठेवायची सवय करा. मी क्योतोत राहते आणि इथे किमोनो घालायला, दुसऱ्याला घालून द्यायलाही शिकले आहे, म्हणून हे खात्रीने सांगते.

जपानी वाकणं समजून घ्यायचं तर आधी ओबी पाहा. ओबी म्हणजे किमोनोवरचा पट्टा. समारंभाचा ओबी साधारण ३० सेंटीमीटर रुंद आणि चार मीटरहून लांब असतो. तो छातीखालपासून कमरेपर्यंत गुंडाळून आवळला आणि समोर आतून कडक पट्टी सरकवली, की पाठीला बाक काढताच येत नाही. वाकायचं ते कमरेतूनच. मान, पाठ, डोकं एका रेषेत राहतं. आपण पाया पडताना पाठ गोल करतो आणि मान खाली घालतो. साडीत तसं सहज होतं, म्हणून आरशासमोर थोडा सराव करा. दोन्ही हात एकावर एक मांड्यांपुढे ठेवा. पदराला पिन लावा, नाहीतर सगळं लक्ष तिकडेच जातं.

अंश विचारलेतच म्हणून सांगते: जाता-येता १५, पाहुण्यांना ३०, खोल आदर किंवा माफीसाठी ४५. तुम्हाला ३० पुरे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी समोर बघून बोलायचं, मग वाकायचं. वाकता वाकता बोललं की शब्द जमिनीला सांगितल्यासारखे होतात.

दारात छोटंसं अभिवादन पुरे, खरा नमस्कार बैठकीत. पाय उघडे ठेवू नका, स्वच्छ पांढरे मोजे घाला. साडीखाली मोजे आपल्याला विचित्र वाटतात, पण तातामीवर तेच शोभतात. तातामीच्या कापडी काठावर पाय देऊ नका. आसन मांडलेलं असलं तरी लगेच त्यावर बसायचं नाही. आधी त्याच्या बाजूला गुडघे मुडपून बसा, हाताचे तळवे समोर टेकवून वाका, आणि त्यांनी आग्रह केला की मग आसनावर सरका.

आता भेटवस्तू. ती फुरोशिकीत, म्हणजे चौकोनी कापडात, गुंडाळून न्या. शुभकार्याला गाठ न मारता नुसतं दुमडून गुंडाळतात. जांभळा रंग कुठल्याही प्रसंगी चालतो. पण गुंडाळलेलीच भेट देऊ नका. नमस्कार झाल्यावर फुरोशिकी उलगडा, कापड घडी करून बाजूला ठेवा, खोक्याची पुढची बाजू त्यांच्याकडे वळवा आणि दोन्ही हातांनी पुढे करा. कापड आपलं आपण परत आणायचं असतं.

साडी कोणती? पैठणी असेल तर पैठणीच, आणि यामागे नुसती हौस नाही. क्योतोच्या निशिजिन भागात, जिथे १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धानंतर विणकर परतून वसले, त्सुझुरे नावाचे ओबी विणतात. त्यात बाणा, म्हणजे आडवा धागा, काठापासून काठापर्यंत न जाता रंगापुरताच फिरतो आणि परत वळतो. विणकर नखांना करवतीसारखे दाते पाडून घेतात आणि त्या नखांनी बाणा दाबून बसवतात. पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणला जातो, वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या फिरवून. फरक असा, की पैठणीत दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात. त्सुझुरेत ते बहुधा न अडकवता वळवतात, म्हणून रंगांच्या सीमेवर बारीक फटी राहतात. विहीणबाईंना पदर उलटून मागची बाजू दाखवा. क्योतोच्या माणसाला त्यातली मेहनत सांगावी लागत नाही.

एक गोष्ट मला फार आवडते: आपल्या चौल बंदरातून पोर्तुगीजांनी नेलेलं पातळ रेशमी कापड जपानात ‘चाउ’ म्हणून ओळखलं गेलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतोचे विणकर तसंच कापड विणू लागले, आणि त्याचे हाकामा, म्हणजे पुरुषांचे घोळदार समारंभी वस्त्र, शिवले जायचे. गप्पांत हे जरूर सांगा.

लग्नाच्या दिवसाबद्दल आत्ताच सांगून ठेवते. विहीणबाई बहुधा पाच कुलचिन्हांचा काळा किमोनो घालून येतील. तो अशुभ मानू नका, आईचा सर्वांत मानाचा पोशाख तोच, आणि नातेवाइकांना हे आधी समजावून ठेवा. तुम्ही मात्र पांढरी साडी टाळा. पारंपरिक विवाहात पांढरा रंग नवरीचा असतो.