पिसा, पिसे, पिसाळलेला

मानसिक आजार झालेल्या माणसाला ‘मेंटल’ म्हणतात ते खटकतं, मग ‘वेडा’ म्हणावं की ‘मनोरुग्ण’, असा प्रश्न आला आहे. खटकायलाच हवं. बसमध्ये, कट्ट्यावर, शाळेच्या फाटकाशी रोज कानावर पडतं, ‘सोड रे, मेंटल आहे तो.’ केसपेपरवर ‘मनोरुग्ण’ ठीक. घरी, शेजारी ‘त्याला अमुक आजार झालाय’ एवढं पुरे. ‘वेडा’ लाडाने पोरांना म्हणा, आजाऱ्याला नको.

खरा ऐवज आहे ‘पिसा’त. पिसा म्हणजे वेडा, पिसे म्हणजे वेड. संतांना विठ्ठलाचं पिसे लागलं ते हेच, आणि गोव्यात कोकणीत ‘पिसो’ आजही रोजच्या बोलण्यात आहे. मूळ शब्द ‘पिशाच’! प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र याने बाराव्या शतकात त्याची ‘पिसल्ल’ आणि ‘पिसाअ’ अशी दोन प्राकृत रूपं नोंदवली. आपला पिसा दुसऱ्यातून उतरला. काही जण तो पक्ष्याच्या पिसाशी जोडतात, मन पिसासारखं भरकटतं म्हणून. साफ चूक. ते पीस ‘पिच्छ’चं, च्छचा स झाला, जसा कच्छपाचा कासव. ‘पिसाळणे’ हे ‘पिसल्ल’पासून काढणारेही घाई करतात. ल्लचा मराठीत ल होतो, ळ नव्हे: गल्लचा गाल, भल्लचा भाला. माझ्या मते तिथे वेड्या ‘पिसा’ला ‘आळ’ प्रत्यय जोडला आहे, केसाळ-दुधाळमधला.

म्हणजे वेड हे बाहेरून येऊन बसलेलं भूत, ही समजूत शब्दातच मुरली आहे. ‘बाहेरचं झालंय’, ‘वारं लागलंय’, ‘लागीर झालंय’ असं म्हणत घरचे डॉक्टरच्या आधी देवऋषी गाठतात. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणं, मारणं हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला, फार बरं केलं.

पण त्यातलं ‘लागणे’ मात्र मला मोलाचं वाटतं. भूक लागते, तहान लागते, तसं वेड लागतं. ते ‘त्याला’ लागतं. माणूस वेगळा, लागलेलं वेगळं, आणि लागलेलं सुटतंही. ‘तो मेंटल आहे’ म्हटलं की सुटायला काही उरतच नाही. भूत गेलं तरी ही ‘ला’ विभक्ती राहू द्या. ‘तिला नैराश्य आलंय’, ‘त्याला भास होतात’ असंच बोला.