गाडीची सर्व्हिसिंग आणि रविवारची शेवभाजी

पत्र : मी अमळनेरला एका पतसंस्थेत नोकरी करते, यजमान शिक्षक आहेत. सासूबाईंना दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते, म्हणून आम्ही जुनी पेट्रोल गाडी घेतली. दीड वर्ष तिची सर्व्हिसिंग झालेली नाही. गॅरेजवाल्यांनी ८,४०० रुपये खर्च सांगितला आहे. यजमानांचा रोजचा बाहेरचा चहा-फाफडा, रविवारची हॉटेलातली शेवभाजी, अधूनमधून येणारी पार्सले आणि मोबाइलवरच्या दोन मासिक वर्गण्या काही दिवस बंद करू या, असे मी म्हटले. त्यावर ते म्हणाले, "गाडी चालतेच किती? आणि सगळेच बंद करायचे तर जगायचे कशासाठी?" मी चिक्कू झाले आहे का?

उत्तर : ताई, तुम्ही चिक्कू मुळीच नाही. ज्या गाडीत सासूबाईंना बसवून तुम्ही कन्नडचा घाट चढता आणि परतताना उतरता, तिच्या ब्रेकची काळजी तुम्हाला वाटते, यात चूक काय? मात्र यजमानांचा दुसरा प्रश्नही मला खरा वाटतो. शाळा सुटल्यावर चार मित्रांसोबत घेतलेला चहा हा त्यांच्या दिवसाचा विसावा असणार, आणि तो बायकोने यादीत लिहून खोडला की माणूस दुखावतो.

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सरळ आहे. इंजिन ऑइलसाठी बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मुदत दिलेली असते. गाडी कमी चालली तरी ऑइल जुने होतच राहते, त्याचा वंगणाचा गुण कमी होतो आणि झीज इंजिनाला सोसावी लागते. ब्रेकचे तर त्याहून कठीण आहे, कारण पॅड पूर्ण झिजले की आतली लोखंडी पट्टी डिस्कवर घासू लागते आणि मग पॅडसोबत डिस्कही बदलावी लागते. म्हणून पुढच्या तपासणीला निघण्यापूर्वी ब्रेक पॅड, ऑइल आणि ऑइल फिल्टर एवढे काम करूनच घ्या. इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, आणि एअर फिल्टर तपासायला सांगा आणि गरज असेल तरच बदला. सीटची धुलाई, पॉलिश, इंजिन फ्लश असले काही बिलात असेल, तर ते निःसंकोच काढायला लावा, आणि बदललेले जुने भाग दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री त्याचा राग मानत नाही. या वेळचे पैसे जमा शिलकीतून द्या, काटकसरीची वाट पाहत बसू नका.

काटकसर हवी ती पुढच्या वर्षासाठी. तुम्ही यादी करून यजमानांपुढे ठेवलीत, तिथे गाडे अडले. आता यादी बाजूला ठेवून दोघांनी आपापल्या खर्चातले काय सोडता येईल ते स्वतःच सांगावे. कुणी पाहतच नसलेली वर्गणी आधी जाऊ द्या, कारण ती बंद झाल्याचे घरात कुणाला जाणवणारही नाही. कंटाळा आला म्हणून मागवलेले पार्सल त्यानंतर. समजा, वर्गण्यांचे ३०० रुपये, महिन्यातल्या दोनांपैकी एका पार्सलचे ६०० आणि यजमानांनी आपणहून आठवड्यातले दोन-तीन दिवस चहासोबतचा फाफडा सोडला तर आणखी ३००, असे महिन्याला १,२०० रुपये सुटतात. वर्षाचे १४,४०० झाले. त्यात पुढची सर्व्हिसिंग निघून टायर-बॅटरीसाठीही काही उरेल. हे पैसे पगाराच्याच दिवशी वेगळ्या आवर्ती ठेवीत जायला हवेत, महिनाअखेरीस उरले तर टाकू म्हटले की ते उरत नाहीत. पतसंस्थेत काम करणाऱ्या तुम्हाला हे मी काय सांगावे! रविवारच्या शेवभाजीला मात्र हात लावू नका. सासूबाईंसह सगळे घर एकत्र बसून जेवते ती वेळ एवढ्या पैशांत दुसरीकडे मिळणार नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा काही कामे जवळजवळ फुकटात होतात आणि तीच मोठा खर्च टाळतात. टायरमध्ये हवा कमी असली की टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो. तेव्हा पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी टायर थंड असताना पेट्रोल पंपावर हवा तपासून घ्या. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर आकडा छापलेला असतो, तेवढीच भरा. कूलंट कमी झाले म्हणून बोअरचे पाणी ओतू नका, त्यातले क्षार रेडिएटरमध्ये साचतात. आणि कूलंटच्या टाकीचे झाकण उघडायचे ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. घाट उतरताना गाडी खालच्या गियरमध्ये ठेवली, तर सारा भार ब्रेकवर पडत नाही, हेही यजमानांना सांगा.

आखाजीच्या सणाला माहेरी जाताना हीच गाडी नेणार असाल, तर मिस्त्रीकडे त्याच्या आठवडाभर आधीच जा. आणि एकट्या जाऊ नका, यजमानांना सोबत न्या. झिजलेले पॅड त्यांनी स्वतः हातात घेऊन पाहिले, की खर्चाची बाजू तुम्हाला एकटीला मांडावी लागणार नाही.