एपीआय म्हणजे नक्की कुठला एपीआय?

प्रश्न असा आलाय की 'एपीआयचा पुरवठा कमी पडल्याने गोळ्यांचं उत्पादन रखडलं' असं वाक्य वाचलं, पण एपीआय तर सॉफ्टवेअरमधलं ना, मग तो शब्द तिथून औषधांत गेला का, आणि मूळ अर्थ कोणता?

कुठूनही कुठे गेला नाही, आणि मूळ अर्थ असा काही नाहीच. झाडाचं पान आणि पुस्तकाचं पान यात एकातून दुसरा अर्थ निघालाय हे कळतं, पण संक्षेपात तसलं नातं शोधायला जाऊ नये, इथे वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या सोयीसाठी आद्याक्षरं उचलली आणि ती जुळली, बस.

सॉफ्टवेअरवाल्यांचा एपीआय म्हणजे ॲप्लिकेशन प्रोग्रामिंग इंटरफेस, एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम कसं करून घ्यायचं त्याची ठरलेली पद्धत. औषधवाल्यांचं एपीआय म्हणजे ॲक्टिव्ह फार्मास्युटिकल इन्ग्रेडियंट, गोळीतला प्रत्यक्ष गुण देणारा पदार्थ. पॅरासिटामॉल ५०० ची गोळी घेतली तर त्यातलं ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल हे एपीआय, आणि बाकी स्टार्च, बाइंडर, पावडर मशीनला चिकटू नये म्हणून घातलेलं मॅग्नेशियम स्टीअरेट वगैरे सगळे एक्सिपियंट. या धंद्यातले जुने लोक 'बल्क ड्रग' म्हणतात आणि मला तोच शब्द बरा वाटतो, निदान ऐकल्यावर औषधाचा विषय चाललाय एवढं तरी कळतं.

तेलाच्या जगात परत वेगळंच. तिथे एपीआय हे संस्थेचं नाव, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, स्थापना १९१९. इंजिन ऑइलच्या डब्यावर 'एपीआय एसपी' असा तेलाचा दर्जा छापलेला असतो तो यांचाच. कच्च्या तेलाची एपीआय ग्रॅव्हिटी, म्हणजे तेल किती जड-हलकं त्याचं माप, तीही यांचीच, आणि हे माप उलटं चालतं, पाण्याला १० डिग्री धरलंय आणि आकडा जितका मोठा तितकं तेल हलकं, त्यामुळे नवीन माणूस हमखास फसतो.

पण मला सगळ्यात आवडतो तो मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमधला एपीआय, ॲनालिटिकल प्रोफाइल इंडेक्स. ही एक प्लास्टिकची पट्टी, 'एपीआय २० ई' म्हणतात, तिच्यावर २० छोट्या नळ्या आणि प्रत्येकीत वेगळं वाळवलेलं रसायन. बॅक्टेरिया मिसळलेलं पाणी त्यांत सोडायचं, पट्टी साधारण दिवसभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि मग कुठला रंग बदलला ते बघायचं. २० टेस्ट आणि वरून ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमची वेगळी एक अशा २१, त्यांचे तीन-तीनचे गट पाडून पॉझिटिव्हला १, २, ४ असे मार्क द्यायचे, प्रत्येक गटाची बेरीज केली की सात आकडी नंबर तयार, तो यादीत शोधला की बॅक्टेरिया कोण ते समजतं. पोलिसांच्या बातमीतला एपीआय कोण ते मराठी पेपर वाचणाऱ्यांना सांगायला नकोच.

आता गंमत बघा, औषध कंपनीत यातले तीन एपीआय एकाच आवारात असू शकतात. 'एपीआय फेल' एवढाच मेसेज आला तर आयटीवाला सर्व्हर बघायला धावेल, क्वालिटीवाला बॅचचे रिपोर्ट काढेल आणि लॅबवाला नवी पट्टी. अशा ठिकाणी औषधातल्या एपीआयला 'ड्रग सबस्टन्स' म्हणावं, तोही रुळलेला शब्द आहे आणि घोळ टळतो.

हे असं का जुळतं, तर तीन इंग्रजी अक्षरांच्या जोड्या होतात १७,५७६ फक्त, आणि त्याही सारख्या वापरल्या जात नाहीत. ए, सी, पी, एस, आय यांनी सुरू होणारे शब्द इंग्रजीत ढिगाने, क्यू आणि एक्सला कोण विचारतं! त्यात आपण देवनागरीत लिहिलं की कॅपिटल-स्मॉल हा फरकही जातो, म्हणजे 'एमजी' लिहिलं तर मिलिग्रॅम की मॅग्नेशियम, आणि 'सीओ' म्हणजे कार्बन मोनॉक्साइड की कोबाल्ट, हे मागचंपुढचं वाचूनच ठरवायचं.

ओळखायचं कसं, तर सोबतचं क्रियापद बघा. कॉल केला, हिट केला, एरर दिला, तर सॉफ्टवेअर. आयात केलं, साठा संपला, बॅच निघाली, तर औषध. मागे-पुढे डिग्री किंवा क्रूड (कच्चं तेल) असेल तर तेल. तुमच्या वाक्यात 'पुरवठा' आणि 'गोळ्यांचं उत्पादन' दोन्ही आहे, तेव्हा शंकेला जागाच नाही. लिहिणाऱ्याने पहिल्यांदा पूर्ण नाव द्यायला हवं होतं हे मात्र खरं.

लिंगही बहुतेक वेळा मनातल्या मराठी शब्दामागे जातं, मी स्वतः सॉफ्टवेअरचा 'तो एपीआय' म्हणतो आणि औषधाचं 'ते एपीआय', कारण मनात 'औषध' असतं. सॉफ्टवेअरलाही कोणी 'ते' म्हणत असेल तर चूक म्हणणार नाही, ते अजून पक्कं ठरलेलं नाहीये.