पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही

प्रश्न : 14 नोव्हेंबर 2023 ला, पाडव्याच्या मुहूर्तावर, आम्ही सांगलीतल्या एका दुकानातून 43 हजारांचा स्मार्ट टीव्ही घेतला. मी घरी शिकवण्या घेते. माझ्या 2011 सालच्या लॅपटॉपचा स्क्रीन वायरशिवाय टीव्हीवर दिसावा, एवढ्यासाठीच ही खरेदी होती. त्याच संध्याकाळी लावून बघितलं, लॅपटॉपला टीव्ही सापडतच नाही. जानेवारीत कंपनीचा माणूस आला आणि ‘लॅपटॉप जुना आहे’ म्हणून निघून गेला. तेव्हापासून दुकानाला आणि कंपनीला ईमेल करते आहे. बिल मिस्टरांच्या नावावर आहे. आता वकिलाची नोटीस पाठवावी का?
ता. क. खरेदीआधी मिस्टरांनी लॅपटॉपच्या स्टिकरचा फोटो दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवून विचारलं होतं. ‘बिनधास्त घ्या, कुठलाही लॅपटॉप चालतो’ असं उत्तर आलं होतं. तो फोन आता एक्स्चेंजमध्ये देणार आहोत.

उत्तर : ताई, नोटिशीचं राहू द्या. ग्राहक आयोगात तक्रार करण्याआधी नोटीस पाठवलीच पाहिजे, असं कायदा कुठेही म्हणत नाही. नोटीस, तिच्या उत्तराची वाट, मग स्मरणपत्र, यात दीड-दोन महिने सहज जातात आणि तुमच्याकडे तेवढेच उरले आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 69 सांगतं, की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमच्या बाबतीत ते कारण पाडव्याच्या संध्याकाळीच घडलं. आज सप्टेंबर 2025 संपत आला आहे. येत्या 14 नोव्हेंबरला दोन वर्षं भरतील. मधल्या काळात तुम्ही किती ईमेल केले, ‘बघतो, कळवतो’ अशी किती उत्तरं आली, याने मुदत एका दिवसानेही पुढे सरकत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेल्या तक्रारीचंही तेच. तंत्रज्ञ जानेवारीत आला, म्हणून मुदत तिथून मोजा, असा युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर बसू नका. उशीर झाल्यास विलंब माफीचा अर्ज करता येतो, मात्र त्याला सबळ कारण लागतं, आणि ‘आम्ही ईमेल करत होतो’ एवढं कारण बहुधा पुरत नाही.

अशी पत्रं मला वर्षभर येतात. फ्रिज असो, मोबाइल असो, टीव्ही असो, लोक समोरच्याच्या गोड बोलण्यावर महिने काढतात आणि बाजू खरी असूनही उंबऱ्यावरच हरतात. याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही अजून मुदतीत आहात, तेवढं तरी वाया घालवू नका. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवाळी आहे. त्याआधीच ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार भरा, कारण छाननीत त्रुटी निघतात आणि त्या दुरुस्त करायलाही दिवस लागतात. वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. बिल मिस्टरांच्या नावावर आहे, म्हणून तक्रारदार दोघंही व्हा. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा.

आता तक्रारीत काय लिहायचं ते. ‘टीव्ही सदोष आहे’ असं चुकूनही लिहू नका. वायरशिवाय स्क्रीन दाखवायला असे टीव्ही सहसा मिराकास्ट वापरतात. ते तंत्र 2012 साली आलं आणि विंडोजमध्ये ते अंगचं मिळू लागलं 8.1 पासून. तुमचा लॅपटॉप त्याआधीचा आहे. नंतर विंडोज 10 टाकलं असलं, तरी आतलं वायफाय कार्ड आणि ग्राफिक्स जुनंच राहतं. खात्री करायची तर विंडोजमधला डीएक्सडायग हा संगणकाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, सगळी माहिती फाइलमध्ये सेव्ह करा आणि त्यात मिराकास्टची ओळ शोधा. तिथे ‘नॉट अव्हेलेबल’ असेल, तर टीव्ही निर्दोष आहे. तुम्ही ‘दोष’ म्हणालात, की कंपनी तपासणी मागेल, प्रयोगशाळेचा अहवाल तिच्या बाजूने येईल आणि प्रकरण तिथेच संपेल.

तुमची तक्रार उभी राहते ती दुकानदाराच्या आश्वासनावर. त्याने स्टिकर पाहून, विचारलेल्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देऊन माल विकला. कायद्याच्या भाषेत ही अनुचित व्यापारी प्रथा. तंत्रज्ञाच्या सर्व्हिस स्लिपवर ‘टीव्ही ठीक, लॅपटॉप जुना’ असा शेरा असेल, तर ती स्लिपही जोडा. तिने तुमचंच म्हणणं पक्कं होतं. दुकानदाराच्या त्या आश्वासनाचा एकमेव लेखी पुरावा तुम्ही ताज्या कलमात लिहिलात, आणि तो ज्या फोनमध्ये आहे तोच फोन देऊन टाकायला निघालात! तो फोन प्रकरण संपेपर्यंत कपाटात कुलपात ठेवा. संभाषणाचे स्क्रीनशॉट काढा, त्यात दुकानदाराचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्रही सोबत जोडलेलं बरं. आयोग पुराव्याच्या बाबतीत कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण समोरच्याला फट कशाला ठेवायची?

‘शिकवण्यांसाठी घेतला, म्हणजे व्यापारी वापर’ असा आक्षेप येऊ शकतो. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला कायद्याने त्यातून वगळलं आहे, तुम्ही तसं स्पष्ट लिहा.

पदरात किती पडेल, हे मी सांगू शकत नाही. बाकी सगळ्या कामांना टीव्ही दोन वर्षं वापरल्यावर पूर्ण 43 हजार परत मिळतील, असं मला वाटत नाही. काही रक्कम, मनस्तापाची भरपाई आणि खर्च मिळू शकतो. कंपनीविरुद्ध काही हाती लागेलच असं नाही, खोक्यावर ‘सुसंगत उपकरणांसाठीच’ अशी ओळ बहुतेक असते. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत, प्रत्यक्षात तारखांवर वर्षं जातात. आयोगांतली पदं वेळेवर भरली जात नाहीत, त्याची किंमत तुमच्यासारखी माणसं मोजतात, आणि हे मला कधीही मान्य होणार नाही.

म्हणून मुलांचा अभ्यास अडवून ठेवू नका. त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपना एचडीएमआयची खाच असते. काही शे रुपयांची केबल आणा, बिल जपून ठेवा आणि तो खर्च तक्रारीत मागा. आयोगाची नोटीस मिळाल्यावर दुकानदार एखादं डोंगल (जोडायचं छोटं उपकरण) देऊ करेल. चालत असेल तर जरूर घ्या, पण ‘तक्रार मिटली’ असं लिहिलेल्या कागदावर सही करायच्या आधी तो कागद मला दाखवा.