‘बॅकअप झाला’ म्हणणारी स्क्रिप्ट

प्रश्न : म्हापशात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. काउंटरवरच्या लिनक्स संगणकातला हिशेब रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर तारखेच्या नावाने उतरवायला भाच्याने शेल स्क्रिप्ट लिहून दिली. ती रोज ‘बॅकअप झाला’ अशी नोंद करते. चवथीनंतर डिस्क घरच्या लॅपटॉपला लावली, तर जूननंतरचं काहीच नाही! वर संगणकाची स्वतःची डिस्क गच्च भरलेली. स्क्रिप्ट खोटं का बोलते?

उत्तर : भाच्यावर चिडू नका. कुंडईला एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळताना मीही अशीच स्क्रिप्ट लिहिली होती, आणि पहाटे पोदेराची (पाववाल्याची) पोंपों ऐकू येईपर्यंत निस्तरत बसलो होतो.

स्क्रिप्टमधल्या आज्ञा ओळीने चालवतो तो शेल. आधीची आज्ञा फसली तरी तो मुकाट पुढच्या ओळीवर जातो, म्हणून ‘झाला’ छापलं जातंच. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा ठेवते : 0 म्हणजे जमलं, दुसरं काहीही म्हणजे फसलं. तो $? मध्ये मिळतो, पण पुढची आज्ञा चालली की पुसला जातो. तेव्हा तिथल्या तिथे विचारा. आज्ञेनंतर || (म्हणजे ‘नाहीतर’) आणि exit लिहून स्क्रिप्ट थांबवा. फाइली एकत्र बांधणाऱ्या टारचं गाठोडं पाइपने (| या चिन्हाने) ते दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे देत असाल, तर आकडा शेवटच्या जीझिपचा मिळतो. टार मेला तरी 0. बॅश या शेलमध्ये ‘पाइपफेल’ चालू करा, म्हणजे आधीची आज्ञा फसलेलीही कळेल. (पर्ल या दुसऱ्या स्क्रिप्ट-भाषेत उलटी गंमत. बाहेरची आज्ञा चालवणारी तिथली ‘सिस्टम’ यशाला 0 देते, पर्लला 0 म्हणजे खोटं. पुढे ‘ऑर डाय’ (नाहीतर मर) लिहिलंत की काम जमल्यावरच स्क्रिप्ट मरते. मी मारलीय.)

पण तुमची कॉपी सुरुवातीला बहुधा फसलीच नव्हती. पावसात वीज गेली असेल, डिस्क पुन्हा माउंट झाली नसेल, म्हणजे तिच्या फोल्डराशी जोडली गेली नसेल. तिच्यासाठी केलेला रिकामा फोल्डर संगणकाच्याच डिस्कवर असतो. कॉपी इमानाने तिथे होत राहिली. इथे $? तपासूनही काही कळलं नसतं. आधी त्या फोल्डरावर डिस्क खरंच जोडलीय का ते सांगणारी ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा चालवा, ती 0 देईल तरच पुढे जा.

जागा संपल्यावर मात्र कॉपी फसलीच असणार. लिनक्सच्या चुकांच्या यादीत ती 28 क्रमांकाची चूक, पण कॉपी करणारी सीपी ही आज्ञा नुसता 1 देते. कारण कळतं ते ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ या संदेशातून. भाच्याने संदेश डेव्ह-नलमध्ये (आत टाकलेलं सगळं गिळणाऱ्या /dev/null मध्ये) ढकलले असतील, तर ते आधी एका फाइलीत वळवा.

जूननंतरचा, जागा संपेपर्यंतचा हिशेब बहुधा त्या फोल्डरातच सापडेल. डिस्क जोडण्याआधी तो दुसरीकडे हलवा. वर डिस्क माउंट झाली की खालचा माल झाकला जातो. दिसत नाही, जागा मात्र अडवून बसतो.