वाचकांचे प्रश्न : नव्या हीटरमधील ओल

प्रश्न : आमच्या कार्यशाळेत सुटे भाग धुण्याच्या टाकीसाठी घेतलेला 18 किलोवॉटचा थ्री-फेज इमर्शन हीटर सात महिने स्टोअरमध्ये पडून होता. आता तो बसवून चालू करताच 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होतो. ईएलसीबी बाजूला ठेवून तासभर हीटर चालवला की ओल आपोआप निघून जाईल, असे आमचे वायरमन म्हणतात. तसे करावे का?

उत्तर : करू नये. वायरमनचे निदान बहुधा बरोबर आहे; उपाय मात्र जिवावर बेतणारा आहे. हीटरच्या नळीत मध्यभागी निक्रोमच्या तारेचे वेटोळे असते आणि ती तार व बाहेरचे धातूचे आवरण यांमधील जागेत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते आणि वीज अडवते; परंतु टोकांची सीले पक्की नसल्यास ती हवेतील बाष्प शोषून घेते आणि तिचा विद्युतरोध कोसळतो. किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. 230 व्होल्टला 30 मिलिअँपिअर गळती म्हणजे ढोबळमानाने 7,700 ओहम, आणि कामास घेण्याजोग्या हीटरचा रोध निदान 1 मेगाओहम असावा असा प्रघात आहे. अशा अवस्थेत ईएलसीबी काढला, तर टाकीत हात घालणाऱ्या कामगाराची सारी भिस्त एकट्या अर्थिंगच्या तारेवर राहते.

मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, टर्मिनलवर वीज नसल्याची मीटरने खात्री करावी (खिशातल्या टेस्टरवर विसंबू नये) आणि वायरी सोडवून प्रत्येक टर्मिनल व फ्लँज (हीटर टाकीला बसवण्याची धातूची चकती) यांमधील रोध 500 व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणाने) मोजावा. तो कमी भरल्यास हीटर टाकीतून काढून, टर्मिनल बॉक्समधील रबर-प्लॅस्टिकचे भाग वेगळे करून, सुमारे 120 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये काही तास वाळवावा. सीलसाठी निर्मात्याने याहून कमी मर्यादा सांगितली असेल, तर तीच पाळावी. भुकटीचा रोध गरम असताना कमीच दिसतो, त्यामुळे पुन्हा मोजण्याआधी हीटर पूर्ण थंड होऊ द्यावा. वाळवूनही रोध वाढला नाही, तर तो एलिमेंट (हीटरची तापणारी नळी) बाद समजावा.

परत जोडताना टर्मिनलचा खालचा नट एका पान्याने धरून वरचा दुसऱ्याने आवळावा, नाहीतर पिन फिरून आतले सीलच तुटते आणि ओलीला नवी वाट मिळते. तसेच हीटरवरील माहितीची पट्टी वाचल्याशिवाय टर्मिनल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पत्त्या बसवू नयेत. स्टार आणि डेल्टा या तीन फेज जोडण्याच्या दोन पद्धती आहेत; स्टारसाठी बनवलेला हीटर डेल्टामध्ये जोडला, तर प्रत्येक एलिमेंटवर 230 ऐवजी 400 व्होल्ट येतात आणि 18 किलोवॉटचे एकदम 54 किलोवॉट होतात.

प्रश्न : आमच्या हीटरच्या फक्त वरच्या दोन नळ्या वारंवार जळतात. थर्मोस्टॅट तपासला, तो ठीक आहे. मग दोष कोठे?

उत्तर : बहुधा पाण्याच्या पातळीत. वाफेने पाणी घटून वरच्या नळ्या उघड्या पडल्या, की त्यांची उष्णता वाहून नेणारे काही उरत नाही आणि त्या काही मिनिटांत लाल होतात. थर्मोस्टॅट मात्र खालच्या पाण्याचे तापमान मोजत असल्याने त्याला काहीच गैर दिसत नाही. तेव्हा सर्वांत वरच्या नळीच्या बऱ्याच वर पातळी असतानाच वीज तोडणारा फ्लोट स्विच बसवावा आणि त्याशिवाय वरच्या नळीच्या आवरणालाच सेन्सर लावलेले, हाताने रीसेट करावे लागणारे वेगळे कट-आउट (नळी जास्त तापताच वीज तोडणारे साधन) ठेवावे. या कट-आउटने थर्मोस्टॅटचाच कॉन्टॅक्टर (हीटरची वीज चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच) न तोडता दुसरा स्वतंत्र कॉन्टॅक्टर तोडला पाहिजे, कारण चिकटून बसलेले कॉन्टॅक्ट कितीही आज्ञा दिल्या तरी उघडत नाहीत. खर्च थोडा वाढतो, पण दोन नळ्यांच्या किमतीपुढे त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : नळ्यांवरील क्षारांचा थर मिठाच्या तेजाबाने (हायड्रोक्लोरिक आम्लाने) काढला तर चालेल का?

उत्तर : स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांवर चालणार नाही, त्यातील क्लोराइडमुळे आवरणाला बारीक छिद्रे पडतात. सौम्य सायट्रिक किंवा सल्फॅमिक आम्ल वापरून स्वच्छ पाण्याने नीट धुवावे. छिन्नी-हातोडी तर मुळीच लावू नये.